शिवी लागते कुणाला?



जानेवारी २००८ मधली सिडनीची कसोटी तुमच्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. भारताचा हरभजनसिंग आणि ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स यांची मैदानावर बाचाबाची झाली आणि हरभजनने सायमंड्सला 'माकड' म्हटलं, असा आरोप झाला. हा वर्णद्वेष मानून सामनाधिकारी माईक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोट्यांची बंदी घातली. अपील अॅडलेडमध्ये न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं. तिथे बचाव असा होता की हरभजन 'माकड' म्हणालाच नाही. त्याने हिंदीतली आईवरची शिवी दिली आणि ऐकणाऱ्याला तिचा उच्चार त्या इंग्रजी शब्दासारखा वाटला. दुसऱ्या टोकाला खेळत असलेल्या सचिन तेंडुलकर यांनीही साक्ष दिली. बंदी उठली. शिवराळ भाषेबद्दल सामन्याच्या मानधनातला निम्मा दंड झाला, आणि आपल्याकडे आनंदीआनंद झाला.

आरोप सिद्ध झाला नाही, तर बंदी उठायलाच हवी होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आईवरून दिलेली शिवी हा बचाव होऊ शकतो, आणि तो ऐकून एका अख्ख्या देशाला हायसं वाटतं, याने मी आजही अस्वस्थ होतो. भांडण दोन पुरुषांचं. ज्या बाईचा उद्धार झाला ती मैदानावर नव्हती, तिचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता. तिच्या वतीने कुणी अवाक्षर काढलं नाही.

नामवंतांच्या तोंडी शिव्या आल्या की 'पूर्वी असं नव्हतं' असं आपण म्हणतो. पूर्वी काय होतं, ते कोकणात दगडावर कोरलेलं आहे. शिलाहार राजांच्या काळात जमीन दान दिली की शिळा उभारत. वर चंद्र-सूर्य, आणि खाली, हे दान जो मोडेल त्याच्या आईला गाढवाच्या हवाली करणारं चित्र. यांना गद्धेगाळ म्हणतात. मुंबईत परळला सापडलेल्या बाराव्या शतकातल्या लेखात तर ही शापवाणी स्वच्छ मराठीत लिहिलेली आहे. ती आज आकाशवाणीवरून मी उच्चारू शकत नाही. त्या काळी मात्र ती राजाच्या आज्ञेचा भाग होती. नियम मोडणार पुरुष आणि शिक्षा भोगणार त्याची आई, हा हिशेब आठशे वर्षांहून जुना आहे. सिडनीत तोच चालला.

पण सगळ्या शिवराळपणाला एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर १९७२ साली रंगमंचावर आला तो शिव्या देतच. परीक्षण मंडळाने कापाकापी सांगितली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. निळू फुल्यांच्या तोंडच्या त्या शिव्या सखारामचं जगणं उघडं करत होत्या. त्या गाळल्या असत्या तर नाटकच खोटं पडलं असतं. आता २०१४ च्या डिसेंबरातला वरळीचा 'एआयबी नॉकआउट' हा एकमेकांची खिल्ली उडवण्याचा कार्यक्रम घ्या. तिथे करण जोहर, रणवीर सिंग, अर्जुन कपूर यांच्यासारखी मंडळी भरल्या प्रेक्षागृहात 'भ'ची बाराखडी म्हणत होती. पुढे तक्रारी झाल्या, सरकारने चौकशी लावली, चित्रफीत काढून घेतली गेली. पोलिसांनी यात पडावं असं मला वाटत नाही. 'कॉलेज रोमान्स' या वेब मालिकेच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. हा निकाल मला योग्य वाटतो. पण कायद्याने गुन्हा नाही, म्हणून आपण टाळ्या वाजवल्याच पाहिजेत असं थोडंच आहे?

आणि टाळ्याही आपण माणूस बघून वाजवतो. फलंदाजाची शिवी स्टंपमधल्या माईकमधून घरोघर ऐकू आली की ती आक्रमकता. नटाने दिली तर तो बिनधास्त. तीच एखाद्या नटीने दिली की लगेच तिचे संस्कार काढले जातात. संस्कार काढायचे म्हणजे पुन्हा बोट आईकडेच!

भाषा नुसती घसरत चालली आहे, हेही मला मान्य नाही. जातींची नालस्ती करणाऱ्या म्हणी एके काळी सुशिक्षित घरांत, कुणाला काही न वाटता बोलल्या जात. आज त्या चारचौघांत जिभेवर येताना माणूस अडखळतो. वस्त्यांना चिकटलेली जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. ज्यांना हे शब्द लागत होते ते पिढ्यान् पिढ्या लढले, तेव्हा कुठे हे घडलं. सभ्यतेची खरी वाढ मी यात पाहतो. आईबहिणींच्या वाट्याला मात्र ती अजून पुरती आलेली नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. मोठमोठ्या शहरांतल्या वादांत जे सुटून गेलं, ते या गावाने नेमकं पकडलं. त्यांनी राग बंद केला नाही, भांडणही बंद केलं नाही. भांडणात तिसरीला ओढायचं नाही, एवढंच ठरवलं.

तेव्हा तुम्हाला माझी विनंती आहे. आवडता खेळाडू किंवा नट आईबहिणीवरून बोलला, तर ती चित्रफीत हसत हसत पुढे पाठवू नका. आणि घरातल्या मुलाने त्याची नक्कल केली, तर 'असं बोलू नये' एवढ्यावर थांबू नका. ती शिवी कुणाला लागते, ते त्याला समजावून सांगा.