वाटेंत फुटलेली वस्तु



मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा हें मुळांत एक वाळलेलें फळ आहे. भीमाकांठीं पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरांत पिकणारा कडू भोपळा वाळवून कापावयाचा, त्यावर तबली चढवावयाची, दांडी जोडावयाची आणि त्या निर्जीव वस्तूंतून स्वर काढावयाचा, ही विद्या मिरजेंतील शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकापासून जोपासली आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. असें वाद्य घडावयास पुष्कळ दिवस लागतात; फुटावयास मात्र वाटेंतील एक आदळ पुरते. पूर्वीं गवई मिरजेस येई, तारा छेडून पाही आणि वाद्य स्वतःच्या हातानें उचलून नेई. आतां मोबाईलवर चित्र पाहून मागणी येते, पैसे आधीं पोहोंचतात आणि वाद्य अनोळखी हातांतून शेंकडों मैल प्रवास करतें. पेटी उघडल्यावर भोपळ्यास तडा गेलेला दिसला, तर तें नुकसान कोणीं सोसावें? आजच्या भाषणाचा हाच विषय आहे.

दुरून माल मागविण्याची चाल आपणांस नवी नाहीं. व्ही. पी. ची पद्धत डाकखात्यानें १८७७ सालीं सुरू केली. परंतु रक्कम मोजल्यावांचून पुडकें उघडतां येत नसे. १९३० च्या मालविक्री कायद्याचेंहि सर्वसाधारण धोरण असें कीं, करारानुसार माल वाहतूकदाराच्या हवालीं केला म्हणजे तो ग्राहकास पोहोंचला असें प्रथमदर्शनीं धरावें. त्यामुळें फुटकी वस्तु पदरीं पडली कीं सामान्य माणूस नशिबास दोष देऊन गप्प बसे. दुःखाची गोष्ट ही कीं, कायदा बदलला तरी ती संवय अद्याप गेलेली नाहीं.

जुलै २०२० मध्यें ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम अमलांत आले. ऑनलाइन बाजारपेठेवर विकलेला माल सदोष असेल किंवा ठरल्याबरहुकूम नसेल, तर तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. फुटका तंबोरा हा ठरलेला तंबोरा नव्हे, हें सांगावयास वकील नको. कंपनीनें तक्रार-निवारण अधिकारी नेमलाच पाहिजे; त्यानें तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यांत तिचें निवारण करावें. बाजारपेठेनें प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावा, असाहि नियम आहे. तो क्रमांक टिपून ठेवणें हें आपलें काम.

परंतु हक्काला पुरावा लागतो, आणि पुरावा पहिल्या घटकेसच हातीं येतो. पेटी चेपलेली दिसली, तर सही करण्यापूर्वीं पोंचपावतीवर तसें लिहावें. दोरी कापण्याआधीं पेटीच्या सर्व बाजूंचीं, पत्त्याच्या चिठ्ठीसह छायाचित्रें घ्यावीं. उघडतांनाचें चित्रीकरण मध्यें न थांबवितां करावें. पेटी, पुठ्ठा, आंतील भुसा यांपैकीं कांहींहि फेकूं नये. त्याच दिवशीं चार ओळींची लेखी तक्रार करावी: मागणीचा क्रमांक, माल मिळाल्याची तारीख, काय फुटलें, आणि आपणांस काय हवें, म्हणजे बदली वस्तु, दुरुस्ती कीं पैसे. शिव्याशाप लिहून तक्रारीचें वजन वाढत नाहीं. परत नेण्यास माणूस आला तर पावती घेतल्यावांचून वस्तु देऊं नये. साताऱ्याचे कंदी पेढे किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी अशा नाशवंत मालाच्या बाबतींत तर छायाचित्र हाच एक साक्षीदार. उत्तर येईपर्यंत फळाचा लगदा झालेला असतो.

आतां दुसरी बाजू. मिरजेच्या लहानशा कारागिरास एक वाद्य फुटून परत आलें तर त्या महिन्याची कमाईच बुडावयाची. म्हणून त्यानेंहि बांधणीपूर्वीं वाद्याचीं छायाचित्रें घ्यावीं, तारा ढिल्या कराव्या, भोपळ्याभोंवतीं मऊ भरण देऊन लांकडी खोक्यांत बंदोबस्त करावा आणि विमा उतरवावा. रस्त्यानें माल नेणाऱ्या वाहतूकदाराविरुद्ध दावा लावावयाचा, तर २००७ च्या कायद्याप्रमाणें माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस देणें आवश्यक आहे. हें भांडण त्यानें वाहतूकदाराशीं करावें. ग्राहकास त्यांत उभें करूं नये, कारण वाहतूकदाराची निवड ग्राहकानें केलेली नसते. तसेंच ग्राहकानेंहि स्वतःच्या हातून पडलेली वस्तु वाटेंत फुटली असें सांगूं नये. त्या एका असत्याची किंमत कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोंचते.

इतकें करूनहि दाद न मिळाली, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीस १९१५ या क्रमांकावर कळवावें. त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागला. त्यानें ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यांत तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. विक्रेता बंगळूरचा असो वा दिल्लीचा, जतच्या माणसानें सांगलीस व माणच्या माणसानें साताऱ्यास अर्ज करावा. मोजलेली किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं. मुदत दोन वर्षांची आहे. आणि २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या ई-जागृति या संकेतस्थळावरून अर्ज घरबसल्या धाडतां येतो.

तक्रार करणें हें भांडखोरपणाचें लक्षण आहे, असें आपल्याकडे उगाच मानलें जातें. वेळेवर, खरी व लेखी केलेली तक्रार विक्रेत्याच्याहि उपयोगाची असते. बांधणींत कोठें उणें राहिलें हें त्यास तिच्यावांचून कळावें कसें? मुकाट्यानें नुकसान सोसणारा ग्राहक पुन्हां मागणी करीत नाहीं, आणि तो कां गेला हेंहि कारागिरास कधीं समजत नाहीं.