जुनेर
(मंडळाच्या महिला शाखेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. हा विषय निघाला, की रंगवलेल्या बाटल्यांच्या फुलदाण्या आणि आगपेट्यांची घरकुले डोळ्यांसमोर उभी राहतात. त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु प्रदर्शन संपल्यावर त्या माळ्यावर जातात, हे आपण सर्व जाणतो. नको असलेल्या एका वस्तूची नको असलेली दुसरी वस्तू झाली, एवढेच काय ते घडते. म्हणून त्या वाटेला न जाता मी आज एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे जुनेर.

परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानांवरून हा शब्द क्वचितच गेला असेल. नेसून नेसून विटलेले, विरलेले लुगडे म्हणजे जुनेर. नवे असताना ते सणासमारंभाचे, मग रोजचे. मध्ये विरले, की तेवढा भाग काढून टाकून दंड घालावयाचा आणि पुन्हा नेसावयाचे. त्यानंतर ते जुनेर होई, आणि खरे पाहता त्याचे काम तेथून सुरू होई. चक्का बांधावयाला, ताक गाळावयाला, दिव्याच्या काकड्याला, बाळाच्या लंगोटाला आणि दुपट्याला जुनेरच लागे. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड कोरे लावू नये, जुने लावावे, हा आपल्याकडील परिपाठ केवळ काटकसरीचा नव्हता. कोऱ्या कापडातील खळ बाळाच्या कातडीला टोचते. शंभर धुण्यांतून गेलेल्या सुताला टोचण्याची ताकदच उरलेली नसते.

मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की जुनेर हे ‘जुने असूनही’ उपयोगी नव्हते. ते जुने झाले म्हणूनच उपयोगी होते. त्याची झीज हीच त्याची योग्यता. ज्या कामाला ते लागे, ते काम नव्या कापडाने तितके चांगले झालेच नसते.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे गोधडी. देशावर तिला वाकळ म्हणतात, चार पदरांची ती चौघडी, आणि सीमेपलीकडे कानडी मुलखात कौदी. पदरावर पदर घालून त्यांत धावदोरा घातला, की पदरांमध्ये हवा अडकून राहते आणि तीच ऊब देते. कापड जितके विरलेले, तितके पदर एकमेकांशी सहज बसतात आणि सुईही सुखाने चालते. कोऱ्या मांजरपाटाची गोधडी शिवून पाहा. ती पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून किंचित लांब भरतो, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरतो. एका लुगड्यात एका माणसाची चौघडी! सहावारीत दोन पदर निघतात आणि वर जे उरते, त्याचे दुपटे होते. नऊवारी काढणाऱ्या विणकराने गोधडीचा विचार केला होता, असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या आज्यांनी मात्र तो नक्की केला होता.

आता आपण ज्या बंगभूमीत राहतो, तिच्याकडे वळू. येथील कांथा ही आपल्या गोधडीची सख्खी बहीण; आपल्याकडे कंथा हा शब्द बैराग्याच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी वापरतात, तोच हा शब्द. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक घालून ती शिवतात, आणि नक्षीचा रंगीत दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठांतून उसवून काढीत. मध्यभागी कमळ, चार कोपऱ्यांत चार झाडे, ही तिची ठरलेली मांडणी. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी अशा कांथा मोठ्या आस्थेने जमविल्या व त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथे उभा राहिला. २००८ साली बंगालच्या नक्षी कांथेला भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी मला त्याहून जवळची वाटते. आपल्यासारखीच ती कडेपासून आत आत शिवीत मध्याशी नेतात. आणि शिवणे संपले, की चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी अपुरी, असे त्या मानतात. आपल्या गोधडीला असले काही लागत नाही. आपल्या आज्या नक्षीच्या भानगडीत फारशा पडल्या नाहीत. हिरव्याशेजारी लाल आणि अंजिरीशेजारी पिवळा ठेवला, की त्यांची हौस भागे. या बाबतीत बंगाली भगिनींनी आपल्याला मागे टाकले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावे.

मग गोधडी गेली कोठे? दोन वाटांनी गेली. एक वाट बोहारणीची. मुंबई-पुण्याकडे ती दारी येई आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देई. तिच्याशी घासाघीस करण्यात दुपार कशी निघून जाई, हे येथील अनेकींना आठवत असेल. जरीकाठी असेल, तर त्यातली चांदी गाळून निघे, म्हणून अशा लुगड्याला तिच्याकडे मान अधिक. बोहारणीला मी दोष देत नाही. तिच्या डोक्यावरच्या बोचक्यातील कपडे दुरुस्त होऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जात. तोही एक पुनरुपयोगच होता. पण फळीवर एक डबा वाढला आणि अंथरुणांच्या वळकटीतून एक गोधडी कमी झाली.

दुसरी वाट धाग्याची. १९४१ साली इंग्लंडमध्ये टेरिलीनचा शोध लागला आणि पुढे त्या जातीची साडी आपल्या घरोघर आली. न चुरगळणारी, लवकर वाळणारी, रंग न जाणारी. मोलकरणीपासून मालकिणीपर्यंत सर्वांचे कष्ट तिने वाचविले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून ठेवते, आणि हा धागा अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. म्हणून त्याचे लंगोट होत नाहीत, त्याने फरशी पुसली जात नाही आणि गोधडी शिवली, तर पदर एकमेकांवरून घसरतात नि अंगाला घाम सुटतो. ही साडी जुनी होते, पण जुनेर होत नाही. वस्तूचा दुसरा उपयोग ती टाकताना ठरत नाही. तो दुकानात, ती घेताना ठरतो, असे मी म्हणते, ते यासाठीच.

आता थोडे घरचे. आपल्यापैकी अनेकींच्या ट्रंकेत आईची किंवा सासूबाईंची लुगडी आहेत. माणूस गेले, गाव दूर राहिले, आणि डांबराच्या गोळ्या घालून आपण ती जपून ठेवली. नेसवत नाहीत आणि देववतही नाहीत. पण घडीवर पडून राहिलेले कापड घडीवरच चिरते, विशेषतः रेशमी. दर दिवाळीला ट्रंक उघडून हळहळण्यापलीकडे मग काही उरत नाही. गेलेल्या माणसाचे वस्त्र वापरू नये, असे मानणारी घरे आहेत. त्यांच्याशी माझा वाद नाही. ज्यांना तसे वाटत नाही, त्यांनी त्यांतील सुती तेवढी बाहेर काढावीत, असे मी सुचवते. हल्ली यंत्रावर गोधडी शिवून देणारे कारागीर आढळतात, तेही चालेल. पण हाताच्या टाक्याला एक सोय आहे: दोरा तुटला, तर तेवढाच तुटतो, आणि नातही तो पुन्हा घालू शकते.

चिटणीसबाईंनी परवानगी दिली आहे, म्हणून सांगते. पुढील चार शनिवारी दुपारी तीन वाजता आपल्या सभागृहातील मोठ्या सतरंजीवर आपण एक गोधडी घालणार आहोत. येताना प्रत्येकीने सुती जुनेराचा एक पदर आणावा. तो धुतलेला, खळ नसलेला आणि दोन मीटर लांब असावा. विरलेला असेल, तर बिचकू नये, तो आतल्या थरात जाईल. घट्ट विणीचे पदर वर-खाली येतील. कडेचे टाके ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनी घालावेत. मधल्या चौकोनात मुलींना बसवू. टाके वाकडे पडले, तरी ते उसवायचे नाहीत, एवढी अट मी आताच घालून ठेवते. मोठ्या सुया आणि दोरा मी घेऊन येईन.