अंडाशय काढण्यापूर्वी



गळीत हंगाम सुरू होताच गडहिंग्लज परिसराच्या फडांत ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खाडा झाला की दंड. पाळीचा त्रास कामाआड येऊ नये म्हणून अनेकींनी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते. पस्तिशीत अंडाशये गेली, की रजोनिवृत्ती एकाएकी येते: अंगाची लाही, निद्रानाश, हाडांची झीज, हृदयविकाराचा वाढता धोका.

कर्करोगात ही शस्त्रक्रिया प्राण वाचवू शकते. मात्र पांढरे जाणे किंवा जास्त रक्तस्राव यांवर बहुधा आधी औषधोपचार करता येतात. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे: कोणता अवयव, कशासाठी, दुसरा उपाय कोणता? शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

ज्यांची अंडाशये काढली गेली आहेत, त्यांनी संप्रेरक उपचार आपणास योग्य आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. हाडांची तपासणी करून घ्यावी. त्यांचा थकवा हा आळस नव्हे, हे घरच्यांनी व मुकादमानेही जाणावे.

एका खाड्याची किंमत अवयव देऊन चुकवावी लागू नये, हे पाहणे गावाचेही कर्तव्य आहे.