रोलर काढा, फळ्या बसवा: होडीच्या ट्रेलरची गोष्ट

आजचा विषय हेडफोन लावून ऐकण्यासारखा वाटणार नाही, पण ज्यांच्या घरासमोर ट्रेलरवर फायबरची छोटी होडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका. मी रत्नागिरीत फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो. ट्रेलरवरचे रोलर काढून त्या जागी लांब फळ्या बसवायच्या का, हा प्रश्न मला दर मे महिन्यात येतो. इंग्रजीत या फळ्यांना बंक म्हणतात.

मे महिन्यातच का? कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस. दर्या खवळलेला, पर्यटकांच्या होड्याही वर काढलेल्या. म्हणजे होडी दोन महिने, कधी नारळी पौर्णिमेपर्यंत, एकाच जागी बसून राहणार. कशावर बसणार, हा खरा मुद्दा.

आता आपल्या जुन्या लोकांची पद्धत आठवा. होडी वाळूवर ओढताना खाली गोल ओंडके टाकायचे. होडी पुढे गेली की मागचा ओंडका उचलून पुढे आणायचा. पण एकदा होडी जागेवर आली, की ओंडके काढून तिला सपाट लाकडावर बसवायची, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे आणि वर झाप घालून शाकारायची. म्हणजे गोल वस्तू चालण्यासाठी, सपाट वस्तू बसण्यासाठी. ट्रेलरवर आपण नेमकं हेच विसरतो. चालण्याच्या वस्तूवर होडीला दोन महिने बसवून ठेवतो.

हिशोब करून बघू. समजा, इंजिन धरून होडीचं वजन ६०० किलो. आठ रोलर, प्रत्येकाचा तळाला टेकणारा भाग जेमतेम १० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साडेसात किलो. आता दोन फळ्या घ्या, प्रत्येक २४० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद. तेच वजन ४८०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं. दर चौरस सेंटिमीटरवर सव्वाशे ग्रॅम. साठपट फरक! हा कागदावरचा हिशोब आहे, पण रोलरखाली जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा का पडतात, ते यातून कळतं. त्या भेगांतून पाणी आतल्या थरात मुरतं. तळ आत दबला तर होडी पाण्यात नीट धावत नाही, पेट्रोलही जास्त जातं. ज्याचं घर त्या होडीवर चालतं, त्याचा ऑगस्ट महिना दुरुस्तीत जातो.

मग सगळ्यांनी रोलर काढायचे का? नाही हो. रोलरचा एक मोठा फायदा आहे: ट्रेलर पाण्यात फार खोल न्यावा लागत नाही, होडी घरंगळत उतरते. फळ्यांवरची होडी तरंगेपर्यंत ट्रेलर बुडवावा लागतो. उतार कमी असेल आणि भांगाची भरती असेल, तर गाडीची चाकं वाळूत रुततात. रोज उतरवणार, रोज चढवणार आणि उतार सपाट, तर रोलर ठेवा. होडी जास्त काळ उभी राहणार असेल, तर फळ्या.

फळ्या घेतल्यात तर भरतीची वेळ पाठ हवी. आपल्याकडचं सोपं गणित: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे साधारण सहाला भरती. अंदाज म्हणून उत्तम, पण निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक बघाच.

आता काम कसं करायचं. होडी भरतीला पाण्यात सोडून खाडीत बांधा आणि मोकळ्या ट्रेलरवर काम करा. जॅकवर होडी तोलून खाली शिरायचं धाडस नको. लाकूड साग किंवा आईन, चार बाय दोन इंची. फळ्या होडीच्या आतल्या लांब कण्यांच्या बरोबर खाली यायला हव्यात, कारण ताकद तिथे असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फळीचं मागचं टोक ट्रान्समपर्यंत, म्हणजे इंजिन लागतं त्या मागच्या फळीपर्यंत पोचलंच पाहिजे. इंजिनाचं वजन तिथेच असतं. फळी आखूड पडली तर मागचा तळ लोंबकळतो आणि वाकतो.

यू-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या, स्क्रू स्टेनलेसचे, आणि त्यांची डोकी लाकडात खोल बसवा. वर कार्पेट लावलंत तर त्यात वाळू आणि खारं पाणी अडकतं, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा. प्लॅस्टिकची पट्टी लावलीत तर होडी सहज सरकते, पण मग पाण्यात पोचेपर्यंत विंचचा पट्टा सोडायचा नाही. उतारावर पट्टा सोडलात तर होडी थेट काँक्रीटवर! मधला एक रोलर नाळेखाली राहू द्या, चढवताना दिशा मिळते. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

ट्रेलर आता खोल बुडणार, म्हणून आणखी एक. लांबून आला असाल तर चाकांचे हब गार होऊ द्या. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं.

आणि पावसाळ्यात नाळ थोडी वर, तळाचं बूच काढलेलं. शंभर लिटर पाणी साचलं म्हणजे शंभर किलो वजन वाढलं. रत्नागिरीचा पाऊस काही तुम्हाला विचारून पडत नाही!

तुमच्या ट्रेलरचा मागून काढलेला फोटो पाठवा, फळी कुठपर्यंत पोचते ते बघून सांगतो. भेटू पुढच्या भागात.