सुटीपूर्वीचे सुतारकाम
(शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळीची सुटी पंधरवड्यावर आली आहे. सुटीत काय करणार, असा प्रश्न आपण मुलांना विचारतो. स्वतःला मात्र क्वचितच विचारतो. घरच्या पडवीत चार हत्यारे मांडून एखादी लाकडी वस्तू स्वहस्ते करावी, हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. त्या छंदाने मला जे शिकविले ते आज आपणांपुढे ठेवतो. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

एका वर्षी भाऊबिजेला बहिणीला द्यावा म्हणून मी पाट करावयास घेतला. फळी आंब्याची, नुकतीच चिरून आणलेली. ती रंधून गुळगुळीत केली आणि खाली दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या. माझ्या वर्गातील एका सुताराचा मुलगा वही दाखवावयास घरी आला होता. फळीवर तळहात ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, ही ओली आहे. तडकेल." हिशेबात कच्चा म्हणून मी त्याला मागच्या रांगेत बसवीत असे. मी म्हणालो, "तू आधी आपली गणिते पाहा." तो मुकाट्याने निघून गेला. पाट बहिणीच्या घरी गेला आणि माघ महिना उजाडण्यापूर्वीच मधोमध तडकला.

असे का झाले? लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आखडत नाही. रुंदीत मात्र आखडते. जखडलेल्या पट्ट्या फळीला आखडू देईनात, म्हणून ती फाटली. लाकूड चांगले वाळलेले घ्यावे, पट्ट्या स्क्रूने बसवाव्या आणि पट्टीच्या टोकांकडील भोके पट्टीच्या लांबीत किंचित लांबट ठेवावी, म्हणजे फळीला हलण्यास वाव राहतो. मला हे तडकलेल्या पाटाने शिकविले. त्या मुलाच्या तळहाताला ते आधीच ठाऊक होते.

हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार आपणांस नवा नाही. 1937 साली वर्धा येथील परिषदेत महात्माजींनी तो देशापुढे ठेवला. त्याही पूर्वी, एकोणिसाव्या शतकात, ओट्टो सालोमन यांनी स्वीडनमध्ये प्रथम शिक्षकांनाच सुतारकामास बसविले. सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जावे आणि प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडावी, असा त्यांचा क्रम होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्यांत सुतारकामाचा उल्लेख आहे. परंतु ज्याने करवत हाती धरली नाही, त्याने करवतीचे महत्त्व कसे सांगावे?

म्हणून माझी विनंती एवढीच की, या सुटीपूर्वी एकच लहान वस्तू निवडावी आणि ती पुरी करावी. पाट, भिंतीवरची फळी, खडूची पेटी, काहीही चालेल. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि हातोडी एवढी हत्यारे पुरेत. दोनदा मापावे, मग कापावे. चौकटीचा कोन पाहावयाचा असेल तर एका बाजूवर 30 व दुसरीवर 40 सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर 50 भरले, तर कोन काटकोन. रंधा लाकडाच्या रेषांच्या ओघाने चालवावा. पटाशी चालविताना दुसरा हात कधीही तिच्या धारेपुढे ठेवू नये.

आणि कामात जाणते मूल जवळ असेल, तर त्याला विचारावे. पाट तडकल्यावर मी भर वर्गात सांगितले की, या मुलाचे बरोबर होते, माझे चुकले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दप्तरातून सागाचा एक वाळका तुकडा काढून त्याने माझ्या मेजावर ठेवला. पुढे काटकोनाचा पाठ आला, तेव्हा गुण्या हाती घेऊन तो त्यानेच वर्गाला समजावून दिला.

आपल्या मागच्या रांगेत असे हात किती बसले असतील, याचा सुटीत जरूर विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.