नुसते तास मोजून भागणार नाही
(अभ्यासवर्गातील भाषण)



दारू आणि जुगार यांवर आपण अभ्यासवर्गांतून पुष्कळ बोललो. आज इंटरनेटच्या व्यसनाविषयी बोलायचे आहे. पहिला प्रश्न असा, की हे व्यसन मोजायचे कसे? तासांवर मोजले, तर टपाल वाटपाची नोंद दिवसभर फोनवर करणारा आमचा पोस्टमन सर्वांत मोठा व्यसनी ठरेल! कामाचे तास म्हणजे व्यसन नव्हे. मोजायचे आहे ते स्वतःवरचा सुटलेला ताबा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. किंबर्ली यंग यांनी १९९८ मध्ये वीस प्रश्नांची चाचणी मांडली. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जातो का? घरची कामे राहतात का? जागरण होते का? कमी करायचे ठरवूनही जमत नाही का? किती वेळ घालवला ते लपवता का? असे हे प्रश्न. प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ गुण, एकूण १००. ५० ते ७९ गुण म्हणजे अडचणी अधूनमधून किंवा वारंवार येऊ लागल्या. ८० व त्यापुढे म्हणजे संसारावर गंभीर परिणाम होत आहे.

मात्र थर्मामीटर ताप दाखवतो, तापाचे कारण सांगत नाही. रनिंग रूममध्ये पहाटेपर्यंत फोन पाहणाऱ्या लोको पायलटला फोनमुळे झोप येत नाही, की अवेळी ड्यूटीमुळे झोप उडाली म्हणून तो फोन पाहतो? हे गुणांवरून कळत नाही. पण न झोपता गाडीवर जाणे हा त्याच्या आणि प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून पुरेशा विश्रांतीचा जाब आम्ही प्रशासनाला विचारू, आणि फोनचा जाब स्वतःला.

आमची भूमिका स्पष्ट आहे. ही चाचणी कामगाराने स्वतःसाठी करावी, आकडा फार तर डॉक्टरांना दाखवावा. तो आरोपपत्राला जोडण्याचा कागद नव्हे. नुसत्या गुणांवरून कुणाला रोगी ठरवणेही चूक आहे. ते काम तज्ज्ञाचे.

गुण जास्त आले तर लाजू नका. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी खास उपचार केंद्र आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

आज घरी गेल्यावर हे प्रश्न स्वतःला विचारा. उत्तरे खरी द्या, कारण ती कुणा साहेबाला दाखवायची नाहीत.