आजारी माणसाच्या घरांतील सण

सण जवळ आला कीं घरांतील मोठ्या माणसांस खर्च आठवतो आणि लहानांस दिवस मोजण्याचा नाद लागतो. परंतु ज्या घरांत कोणी अंथरुणास खिळलेलें आहे, त्या घरीं निराळीच गोष्ट घडते. तेथें सणाचें नांव काढणेंच अपराध वाटूं लागतें. आई तापानें फणफणली आहे, आजोबांस अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे किंवा वडील रुग्णालयांत आहेत. अशा वेळीं कंदील कसला लावावयाचा आणि करंज्या कसल्या तळावयाच्या, असें वडील मंडळी म्हणतात. सहा वर्षांचें मूल मात्र उंबऱ्यावर बसून शेजारच्या दारांतील पणत्या पाहत राहतें. वडील मंडळी निर्दय असतात असें नाहीं. आजाऱ्याविषयींच्या जिव्हाळ्यामुळेंच तीं सण टाकतात. तथापि या टाकण्यानें आजाऱ्याचें भलें होत नाहीं आणि मुलाचें नुकसान मात्र होतें. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावयास हवा.

आपल्याकडे सुतकाचा आचार आहे. घरांत मृत्यु घडला असतां कांहीं दिवस सणवार बंद राहतात, आणि कित्येक घरीं वर्षभर गोडधोड टाळण्याचीही चाल आहे. त्या आचारांत अर्थ आहे. शोकास वेळ व मर्यादा दोन्ही हव्या असतात. परंतु आजारपण म्हणजे सुतक नव्हे. जिवंत माणसाच्या उशाशीं बसून त्याचें सुतक पाळणें हें प्रेमाचें लक्षण म्हणतां येणार नाहीं. शिवाय सुतक दिवस मोजून संपतें, तसें आजारपण संपत नाहीं. क्षयाच्या साध्या रोग्यासही निदान सहा महिने औषध घ्यावें लागतें. अर्धांगाचा रोगी वर्षानुवर्षें घरांत असतो. पाडव्यापासून सहा महिने मोजले तर आखाजी, नागपंचमी, पोळा आणि गणपति हे सारे त्यांत येऊन जातात. पांच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा दहावा हिस्सा म्हणजे हे सहा महिने. "तुझी आई बरी झाल्यावर सण करूं" हें वाक्य मोठ्यांस सोपें वाटतें. मुलास तें कधींच न संपणाऱ्या वाटेसारखें वाटतें.

खानदेशांतील लोकांस हा विचार नवा वाटूं नये, कारण त्यांचा सर्वांत लाडका सणच आनंद आणि आठवण यांची सांगड घालून बसला आहे. वैशाख शुद्ध तृतीयेस जळगांव, धुळें व नंदुरबार या बाजूंस आखाजी म्हणतात. त्या दिवशीं सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांस झोके बांधले जातात, मुली गौराईचीं गाणीं म्हणतात, घरोघरीं पुरणपोळी व आमरस होतो. त्याच दिवशीं, त्याच घरीं, पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरून पुजली जाते. एका कोपऱ्यांत गेलेल्यांची आठवण आणि अंगणांत आलेल्यांचा झोका, असा हा सण आहे. ज्या लोकांनीं मृतांच्या स्मरणासही झोक्याशेजारीं जागा करून दिली, त्यांस आजारी माणसाच्या खाटेशेजारीं एक पणती लावणें अवघड कां वाटावें?

या सणाची कसोटी अलीकडेंच लागली. २०२० सालीं कोरोनाच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तिचा पहिला दिवस २५ मार्च, म्हणजे नेमका गुढीपाडवा होता. आखाजी त्या वर्षीं २६ एप्रिलला आली. एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जाण्याची बंदी असल्यामुळें धुळ्यास दिलेल्या मुलीस जळगांवचें माहेर गांठतां आलें नाहीं. पुढच्या वर्षींची आखाजी १४ मे रोजीं, दुसऱ्या लाटेच्या भरांत आली. कित्येक घरीं एका बंद खोलींत आजारी माणूस आणि दाराबाहेर त्याचीं मुलें अशी स्थिति होती. त्या दोन वर्षांनीं एक गोष्ट शिकविली. गर्दी, नवे कपडे आणि पंक्ति हीं सणाचीं बाहेरचीं अंगें होत. तीं गेलीं तरी सण उरूं शकतो. परंतु घरांतील माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं, तर पंचपक्वान्नें करूनही तो उरत नाहीं. दाराच्या फटींतून ज्या आजीनें नातवाचें गाणें ऐकलें, तिचा सण झाला असेंच म्हटलें पाहिजे.

जुन्या काळींही हें संकट होतेंच. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व पुढें तो देशभर पसरला. उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहत. सण आला तर तोही झोपडींतच करावा लागे. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं असोद्यास झाला. ऐन तिशींत त्यांस वैधव्य आलें. त्यांच्या ओंकार या मुलास प्लेगमुळें कायमचें अपंगत्व आलें. घरीं शेतीचें काम आणि पदरीं तीन मुलें. अशा बाईनें सणाचें नांव टाकलें असतें तरी कोणी दोष दिला नसता. परंतु १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचीं गाणीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां त्यांत आखाजीचें गाणें आहे, गुढीचें आहे आणि पोळ्याचेंही आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीनें दुःख लपविलें नाहीं, पण त्यासाठीं सणास घराबाहेरही ठेवलें नाहीं. खानदेशच्या मुलांस यापेक्षां मोठा धडा शोधण्यास दूर जावें लागत नाहीं.

आतां मुलांच्या मनाकडे वळावें. तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलाची विचार करण्याची रीत मोठ्यांहून वेगळी असते. आपण मनांत आणलें किंवा खोडी केली, म्हणून अमुक घडलें, असें त्यास सहज वाटतें. आदल्या दिवशीं "मला तूं आवडत नाहींस" असें आईस म्हटलें आणि दुसऱ्या दिवशीं आई आजारी पडली, तर त्याचा दोष मूल मुकाट्यानें आपल्याकडे घेतें. मग सणही बंद झाला कीं तें मनांत म्हणतें, "ही शिक्षा मलाच झाली." कोणी विचारीत नाहीं म्हणून तें सांगतही नाहीं. यासाठीं मुलास तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या. पहिली, आजाराचें नांव. "बाबा गांवाला गेले आहेत" अशी थाप मारूं नये, कारण खरें कळल्यावर मुलाचा मोठ्यांवरील विश्वास उडतो. दुसरी, हा आजार तुझ्यामुळें झालेला नाहीं. तिसरी, तुझें जेवणखाण, शाळा व झोंप यांची काळजी अमुक माणूस घेणार आहे. या तीन गोष्टी एकदां सांगून भागत नाहीं. मूल तोच प्रश्न पुन्हां विचारतें, तेव्हां न कंटाळतां पुन्हां सांगाव्या.

दुसरी काळजी आजारी माणसाची. सण त्याच्यापासून लपवून करूं नये आणि त्याच्यावर लादूंही नये. आधीं त्यास विचारावें: "तुम्हांस कोणती गोष्ट चालेल? किती वेळ बसवेल?" दिवसांतील एखादी घटका त्यास बरी जाते, सकाळीं औषधानंतर किंवा दुपारच्या झोंपेनंतर. सणाचा मुख्य विधि त्या घटकेस धरावा. अर्ध्या तासाचा सण पुरेसा असतो. त्यांत आजाऱ्यास पाहुणा करूं नये, कांहीं तरी काम द्यावें. जळगांवकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाई बसवितात. गाणीं झालीं कीं झांकलेला डबा हालवून आंतला खाऊ ओळखावयाचा असतो. खाटेवर पडलेल्या आजोबांस उठतां येत नसेल, पण डब्याचा आवाज ऐकून "हे फुटाणे" कीं "ह्या लाह्या" असें त्यांस ओळखतां येतें. आणि ते मुद्दाम चुकले म्हणजे मुलींस जो आनंद होतो, तो कोणत्याही आतषबाजीनें व्हावयाचा नाहीं. पोळ्यास मातीचे बैल रंगविणें, दिवाळींत पणत्यांच्या वाती वळणें, हीं कामेंही उशीला टेकून होतात.

तिसरी काळजी आरोग्याची. या बाबतींत मायेनें डोळेझांक करूं नये. गोवर निघालेलें मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासून नंतर चार दिवसांपर्यंत दुसऱ्यास रोग देऊं शकतें. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलास पंक्तींत बसवूं नये. कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ति पुष्कळदां कमी झालेली असते. त्याच्याजवळ सर्दी-तापाच्या मुलास जाऊं देऊं नये, मग तो भाऊबिजेचा दिवस कां असेना. अशा वेळीं ओंवाळणें दारांतूनही होतें. मधुमेह्यासमोर लाडवांचें ताट ठेवून आग्रह करणें हा पाहुणचार नव्हे. त्याच्यासाठीं वैद्यास विचारून जें चालेल तें करावें, आणि तेंच सर्वांनीं थोडेंथोडें खावें; म्हणजे त्यास वेगळें पडल्यासारखें वाटणार नाहीं.

फटाक्यांविषयीं दोन शब्द अवश्य बोलावे लागतात. दम्याच्या रोग्यास त्यांचा धूर आणि हृदयविकाराच्या रोग्यास त्यांचा आवाज बाधतो. सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१८ मध्यें दिवाळीच्या रात्रीं फटाके उडविण्यास आठ ते दहा असे दोनच तास ठरवून दिले. ध्वनिप्रदूषणाविषयींचे नियम २००० सालीं झाले. त्यांप्रमाणें रुग्णालयाभोंवतींचा निदान शंभर मीटरांचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो. परंतु घरांतील खाट ही देखील एक लहानसें रुग्णालयच होय, आणि तिच्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. "आजीस त्रास होतो म्हणून उडवूं नकोस" एवढेंच म्हटलें तर मूल आजीवर रुसतें. "आज आजीची झोंप राखण्याचें काम तुझ्याकडे" असें म्हटलें तर तेंच मूल गल्लींतील सवंगड्यांस गप्प करण्यास धांवतें.

आतां घर चालविणाऱ्या स्त्रीविषयीं. आपल्या घरांतील बहुतेक सण तिच्या हातांवर उभे असतात. म्हणून तीच आजारी पडली कीं सण कोसळतो. तेव्हां घरांतील पुरुषांनीं "काय करणार, तीच पडली आहे" म्हणून हात झाडूं नयेत. दहा पदार्थांऐवजीं एक करावा. तोही न साधला तर विकत आणावा, किंवा शेजारणीनें दिलेला निःसंकोच घ्यावा. खानदेशांत उन्हाळ्यांत पापड आणि ज्वारीचे बिबडे करतांना बायका एकमेकींच्या घरीं पाळीपाळीनें हात लावावयास जातात. तीच रीत आजारपणांतील सणास लावावी. शेजाऱ्यांनींही "कांहीं लागलें तर सांगा" असें मोघम म्हणूं नये, कारण अडलेला माणूस सांगत नाहीं. "उद्यां सकाळीं मुलांना अभ्यंगस्नान मी घालतें" असें म्हणावें व तसें करावें.

सणापुरतें मुलास मामाकडे किंवा काकांकडे पाठविण्याची सोयही पुष्कळ घरीं काढतात. ती वाईट नाहीं. परंतु त्याचें कारण व परत येण्याचा दिवस मुलास आधीं सांगावा, आणि जाण्यापूर्वीं आजारी माणसाशीं त्याची भेट घडवावी. एरवीं मामाच्या घरची दिवाळी त्यास हद्दपारीसारखी वाटते.

कित्येकांस शंका येईल कीं, मुलांवर एवढा भार कां टाकावा? त्यांचें वय खेळण्याचें आहे. शंका रास्त आहे. मुलास परिचारक करूं नये. त्याची शाळा, झोंप व खेळ हीं राखलींच पाहिजेत. परंतु लहानशी जबाबदारी हा भार नसून मान असतो. अमळनेरच्या शाळेंत १९२४ ते १९३० या काळांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तींत दिवाळीचें प्रकरण आहे. भाऊबिजेच्या पैशांतून आई स्वतःसाठीं कांहीं न घेतां वडिलांसाठीं धोतर आणविते. आईच्या अखेरच्या आजाराच्या आठवणीही त्याच पुस्तकांत आहेत. मुलाच्या स्मरणांत काय राहतें, तें यावरून समजतें. घरांत माणसें एकमेकांस कशीं जपत होतीं, हेंच तें आयुष्यभर जवळ बाळगतें.

शेवटीं एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. कधीं कधीं सणाच्या दिवशींच आजार उलटतो. आरतीचें ताट ठेवून गाडी बोलवावी लागते. अशा वेळीं सण अर्धवट राहिला तर राहूं द्यावा. मुलास मात्र "तुम्हीं दंगा केलात म्हणून असें झालें" असें रागाच्या भरांतही म्हणूं नये. तो शब्द मूल विसरत नाहीं. आणि आजार बरा होण्यासारखा नसेल, तर हा सण त्या माणसाबरोबरचा अखेरचा असूं शकतो, हें मोठ्यांनीं मनांत जाणावें. तसें असेल तर सण टाकण्याचें कारण कमी न होतां, करण्याचें कारण वाढतें. पुढें आखाजीस त्या नांवानें घागर भरावयाची वेळ आली, तर मुलास आठवण्यासारखें कांहीं तरी असावें: खाटेवरून ओंवाळलेला हात, चुकीचा ओळखलेला खाऊ, किंवा दोघांनीं मिळून वळलेली एक वात. एवढें घडवून आणण्यास मोठा खर्च लागत नाहीं. अर्धा तास आणि थोडा धीर लागतो, आणि तेवढा प्रत्येक घराजवळ असतो.